वगळलेले अकरा आवाज

कोर्टातले शिपाई तिला 'आवाजवाल्या बाई' म्हणत, आणि वरवर ती कितीही नाक मुरडत असली तरी मनातून तिला ते आवडायचं. चौदा वर्षं तिनं सरकारी प्रयोगशाळेत परक्यांचे आवाज ऐकण्यात घालवली होती. धमकीचे फोन, खोट्या निरोपांचे फोन, आपण बोललोच नाही असं छातीठोक सांगणाऱ्यांचे फोन. साक्ष द्यायला ती उभी राहिली की दोन्ही बाजूंचे वकील जरा जपून बोलत. एवढा मान मिळायला लागला की माणसाचा स्वतःच्या कानांवर जरा जास्तच विश्वास बसतो. तिचाही बसला होता.

त्या मंगळवारी टपालात तिला एक पत्र आलं. वहीचा फाडलेला कागद, निळी शाई, आणि चक्क एकही शिवी नाही. शिक्षा झालेल्यांच्या घरून येणाऱ्या पत्रांची तिला सवय होती. त्यांत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला असे, आणि ती ते फायलीत लावून मोकळी होई. हे पत्र मात्र एका बहिणीचं होतं. माझा भाऊ नव्या बाजारात लिलाव पुकारतो, दोन वर्षांपासून तुरुंगात आहे, महिन्याभरानं अपिलाची सुनावणी आहे, असं तिनं सरळ लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, 'फोनवरचा आवाज माझ्या भावासारखा आहे, हे मी नाकारत नाही. पण आमच्या बाजारात पुकारणाऱ्या सगळ्यांचाच आवाज तसा आहे. बाई, तुम्ही एकदा सकाळी येऊन ऐकाल का?'

खटला तिला आठवत होता. नव्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याला फोन आला होता, अठ्ठावीस सेकंदांचा. गाळा बंद कर, नाहीतर जाळून टाकू. चार दिवसांनी गोदाम जळलं आणि तिथल्या पहारेकऱ्याचे दोन्ही हात भाजले. फोन बाजारातल्याच कुणीतरी केला होता, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. त्या व्यापाऱ्याशी ज्याचं जाहीर भांडण झालं होतं, त्या पुकारणाऱ्याला पोलिसांनी धरलं आणि त्याचा आवाज तिच्याकडे तपासायला पाठवला.

तिच्या शास्त्रात 'हा आवाज याचाच' असं म्हणायची पद्धत नाही. दोन प्रश्न विचारायचे असतात. फोनवर हाच माणूस बोलत असेल, तर दोन आवाजांत असं साम्य दिसण्याची शक्यता किती? आणि बोलणारा दुसराच कुणी असेल, तर तेवढंच साम्य योगायोगानं दिसण्याची शक्यता किती? पहिलीला दुसरीनं भागायचं. या खटल्यात उत्तर आलं होतं नऊशे. पण हा 'दुसराच कुणी' म्हणजे कोण, ते यंत्राला आपणच सांगावं लागतं. त्यासाठी प्रयोगशाळेत एकशे एकोणतीस पुरुषांच्या आवाजांचा संग्रह होता. तो तिनंच नऊ वर्षांपूर्वी पायपीट करून जमवला होता, आणि त्याचा तिला कोण अभिमान.

खालच्या कोर्टात सरकारी वकिलांनी तिचं वाक्य उचलून सहज उलटं केलं होतं. म्हणजे फोन यानंच केला असण्याची शक्यता नऊशे पटीनं जास्त, बरोबर ना, असं त्यांनी विचारलं. ते बरोबर नव्हतं. साम्याबद्दलचं विधान त्यांनी माणसाबद्दलचं करून टाकलं होतं. हीच चूक करू नका, म्हणून ती दरवर्षी नव्या लोकांना फळ्यावर लिहून दाखवायची. पण जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती, न्यायाधीश घड्याळाकडे बघत होते, आणि तिनं मान डोलावली. पुकारणाऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

पत्राला रीतसर उत्तर द्यायचं तिनं ठरवलं. संग्रहात समाजाच्या सर्व थरांतले पुरुष आहेत, एवढं एक वाक्य ठणकावून लिहिलं की विषय संपला. थर नेमके कोणते, ते बघायला तिनं कपाटातून संग्रहाची जुनी वही काढली.

मूळ आवाज होते एकशे चाळीस. वहीच्या शेवटच्या पानावर तिच्याच अक्षरात अकरा ओळी होत्या. वर लिहिलं होतं, 'वगळलेले नमुने. कारण : घसा खराब.' बसवाहक, शाळेतले कवायतीचे मास्तर, फेरीवाला, कारखान्यातल्या खडखडाटात तीस वर्षं काढलेला फिटर, दोन लिलाव पुकारणारे, असे एकेक. सर्दी-खोकला झालेल्याचा आवाज घेऊ नये, हा नियम होता आणि तो योग्यच होता. पण या अकरांपैकी कुणालाच सर्दी झालेली नव्हती. ही माणसं ओरडून पोट भरत होती, त्यांचे घसे कायमचेच तसे झाले होते. तिनं त्यांना आजारी ठरवून बाहेर काढलं होतं. मग खरखरीत आवाज फार दुर्मिळ असतो, असं तिच्याच संग्रहानं तिला सांगितलं, आणि तिनं ते कोर्टाला सांगितलं. कारकून, विद्यार्थी, सहकारी आणि सहकाऱ्यांचे मेहुणे अशा मऊ घशाच्या माणसांत बाजारातला गडी उठून दिसला, यात नवल ते काय.

पहिल्या ओळीवरून तिनं डोळे चटकन खाली नेले होते. आता ते परत वर न्यावे लागले. 'वय एकसष्ट. लिलाव पुकारणारे, जुना बाजार.' ते अप्पा होते, तिचे वडील.

अप्पांनी बत्तीस वर्षं जुन्या बाजारात कांद्या-बटाट्यांचे लिलाव पुकारले. बाजारात त्यांना भोंगा म्हणत, आणि ते या नावावर खूश असत. एकदा शाळेत पालकसभेला अप्पांनी उभं राहून मास्तरांना एक साधा प्रश्न विचारला, आणि सगळा वर्ग खिदळला, कारण अप्पांना हळू बोलताच येत नसे. दुसऱ्या दिवसापासून ती 'भोंग्याची पोर' झाली. पुढच्या सभेच्या आधी तिनं घरी सांगितलं, की शाळेत आता फक्त आयांनाच बोलावतात. अप्पांनी मान हलवली. लेकीचं बोलणं खोटं असू शकतं, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नाही.

आवाज द्यायला अप्पा प्रयोगशाळेत इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सकाळपासून गरम पाणी पीत होते. काचेच्या खोलीत बसून त्यांनी वर्तमानपत्रातला उतारा वाचला, मग एका लिलावाची हकीकत अशी रंगवून सांगितली की बाहेर तिचे दोन सहकारी हसले. ते कौतुकानं हसले होते. तिला ते कळलं होतं, तरीही तिची कानशिलं तापली. हा आवाज इथं वर्षानुवर्षं राहणार, जो येईल तो लावून ऐकणार, हे तिला नको होतं. संध्याकाळी तिनं पहिली ओळ लिहिली. एकट्या अप्पांनाच काढलंय असं दिसू नये, म्हणून मग बाकीचे दहा शोधून काढले.

अप्पांना यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. आपला आवाज सरकारी प्रयोगशाळेत आहे आणि गुन्हेगार पकडायला कामी येतो, असं ते नऊ वर्षं भेटेल त्याला सांगत होते. या महिन्यात कोण सापडलं माझ्या आवाजानं, असं विचारत, आणि ती काहीतरी ठोकून देई.

तिनं अकरा आवाज संग्रहात परत घातले आणि हिशेब पुन्हा लावला. नऊशेचे सत्तर झाले. तिला स्वतःची इतकी किळस आली की वही मिटायलाही हात उचलेना.

विभागप्रमुखांना सगळे माघारी 'दशांश' म्हणत, कारण कुठल्याही अहवालात त्यांना दशांशचिन्हापुढे चार आकडे लागत. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं. हाच संग्रह बेचाळीस अहवालांत वापरलाय, याची त्यांनी तिला आठवण करून दिली. एक उघडला की बेचाळीस उघडणार. अपिलात कुणी विचारलं तर जरूर सांगावं, न विचारता स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं पडलं. माणूस वाईट नव्हता, निवृत्तीला आला होता.

"सर, ते विचारणार कसं?" ती म्हणाली. "अकरा जण होते, हेच त्यांना माहीत नाही."

दशांशांनी चष्मा काढून पुसला. शेवटी म्हणाले, लिहा, पण सही तुमची एकटीची असेल. वगळण्याचं कारण काय लिहिणार, असंही त्यांनी विचारलं. नियमाचा चुकीचा अर्थ लावला, असं ती म्हणाली. खरं कारण तिच्या तोंडून तेव्हाही निघालं नाही.

अकरा आवाजांनी भागण्यासारखं नव्हतं. फोन बाजारातून आला होता, तर तुलनाही बाजारातल्या आवाजांशीच व्हायला हवी, हे आता तिला लख्ख दिसत होतं. ती नव्या बाजारात गेली तेव्हा पुकारणाऱ्यांनी तिला बघून पाठ फिरवली. त्यांचं काय चुकलं? मागच्या वेळी सरकारनं एकाचा आवाज नेला, तो माणूस परत आला नव्हता. अप्पांना सोबत नेल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अप्पा म्हणजे एका पायावर तयार. पाच दिवस सकाळी सहाला ते दारात उभे असत. जुन्या बाजारातला भोंगा आलाय म्हटल्यावर नव्या बाजारातले लोक कामं टाकून भेटायला आले. एकेकाच्या खांद्यावर हात टाकून अप्पा त्याला तिच्याकडे आणत, आणि तो आपल्या फोनवरून प्रयोगशाळेच्या नंबरावर पाच मिनिटं बोले. आजूबाजूला गोण्यांचे ढीग, हातगाड्या, आणि चारही बाजूंनी तोच फाटका, घासलेला, वर चढताना चिरकणारा आवाज. डोळे मिटले की सगळीकडे अप्पाच बोलत आहेत असं वाटे. तिनं डोळे मिटायचं टाळलं.

सव्वीस जण झाले तेव्हा अप्पा खुशीत म्हणाले, "माझा तुझ्याकडे आहेच. नाहीतर सत्तावीस झाले असते."

तिनं 'हो' म्हटलं आणि यादीखाली रेघ ओढली. सांगायला पाच सकाळी मिळाल्या होत्या, पाचही तिनं वाया घालवल्या.

नवा आकडा आला तीन. तीन म्हणजे अगदीच शून्य नव्हे, पण बाजारातल्या आणखी कितीतरी जणांबद्दल तो जवळपास तेवढाच आला असता. त्या माणसानं फोन केला होता की नव्हता, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. तिच्याजवळ जी खात्री होती ती उसनी होती, एवढंच कळलं. तिनं अहवाल लिहिला, खाली एकटीनं सही केली आणि दोन्ही वकिलांना पाठवून दिला.

सुनावणीला अप्पा येणारच म्हणाले. आपला आवाज कोर्टात चाललाय, घरी बसून कसं चालेल? तिनं नको म्हणून पाहिलं. गर्दी असते, बसायला जागा नसते, सगळी कारणं सांगून झाली. अप्पांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. मग तिनं ठरवलं की बसमध्ये सांगायचं. बसमध्ये अप्पांनी वाहकाला, शेजारच्या प्रवाशाला आणि पुढच्या बाकावरच्या दोन बायकांना आपण कोर्टात का चाललोय ते इत्थंभूत सांगितलं. वाहकानं त्यांना नमस्कारही केला. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

कोर्टाची खोली लहान होती, पंख्यांचा आवाज मोठा. आरोपी डाव्या बाजूला दोन पोलिसांच्या मध्ये बसला होता. त्याचा आवाज तिला तोंडपाठ होता, चेहरा मात्र ती पहिल्यांदाच नीट बघत होती. मागच्या बाकावर त्याची बहीण, आणि तिच्या शेजारी, ओळखपाळख नसताना गप्पा मारत, अप्पा.

न्यायमूर्तींनी अहवाल वाचलेला होता. जुन्या साक्षीत तिनं मान डोलावली ती चूक होती, हे तिनं आधी आपणहून सांगितलं. मग त्यांनी अकरा ओळींचं पान वर धरलं आणि या लोकांचे घसे खरंच खराब होते का, असं विचारलं. नव्हते, असं ती म्हणाली. मग का वगळले, हा पुढचा प्रश्न.

उत्तर अहवालात होतं, ते वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं. नियमाचा चुकीचा अर्थ लावला. वाक्य स्वच्छ होतं आणि त्यात कुणीच दिसत नव्हतं. तिनं ते म्हणायला तोंड उघडलं आणि तिची नजर त्या बहिणीकडे गेली. ती बाई हातात हात गुंफून, काहीही मिळालं तरी चालेल अशा चेहऱ्यानं ऐकत होती. हिला आणखी एक खोटं सांगायचं?

"पहिला आवाज माझ्या वडिलांचा आहे," ती म्हणाली. "तो दुसऱ्यांनी ऐकू नये म्हणून मी काढला. मला त्याची लाज वाटायची. बाकीचे दहा, ते झाकायला काढले."

टंकलेखकाचे हात थांबले, मग त्यानं तेही उतरवून घेतलं. तिनं अप्पांकडे बघितलं नाही. बघवलंच नाही.

दुपारी आदेश आला. आवाजाचा पुरावा बाजूला ठेवला, उरलेला पुरावा नव्याने तपासायचा होता, आणि तोवर शिक्षेला स्थगिती आणि जामीन. बहीण रडायला लागली. अप्पा उठून बाहेर गेले.

बाहेर लांबलचक व्हरांडा होता, एका टोकाला पिण्याच्या पाण्याची टाकी. ती तिथं गेली, पेला धुतला, भरला, परत ओतला, परत भरला. तिला फक्त दोन शब्द बोलायचे होते आणि ती ते मनात घोकत होती. तेवढ्यात पाठीमागून तो आवाज आला, फाटका, घासलेला.

"पाणी मिळेल का जरा?"

"अप्पा, चुकले मी," ती म्हणाली आणि वळली.

समोर आरोपी उभा होता. पोलीस दोन पावलं मागे होते. चौदा वर्षं ऐकण्याचं काम केलेली बाई चार हातांवरून आपल्या बापाचा आवाज ओळखू शकली नव्हती, आणि हा माणूस तिच्या नऊशेच्या आकड्यावर दोन वर्षं आत बसला होता. त्यानं तिच्या हातातला पेला घेतला. ते 'चुकले' आपल्यालाच उद्देशून आहे, असं त्यानं धरलं होतं.

"दोन वर्षं गेली, बाई," तो म्हणाला. रागानं नाही, नुसतं सांगितलं. पाणी प्यायला, पेला टाकीवर ठेवला आणि बहिणीकडे चालायला लागला. त्याच्यासाठी तिनं माफीचा एक शब्दही तयार ठेवला नव्हता. तेवढ्यासाठीही तिला लाज वाटली.

अप्पा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसले होते. ती पाणी घेऊन गेली, शेजारी बसली. अप्पा काहीतरी बोलले, पण तिला ऐकू आलं नाही, वाकून कान जवळ न्यावा लागला.

"शाळेत आयांनाच बोलावतात म्हणाली होतीस," ते अगदी हळू म्हणत होते. "तेही असंच होतं का गं?"

"हो, अप्पा."

त्यांनी मान हलवली. अप्पा, मोठ्यानं बोला, असं ती म्हणाली. दोनदा म्हणाली. ते पाणी प्यायले आणि शर्टाची बाही सारखी करत राहिले.

परतीची बस तीच होती आणि वाहकही तोच. सकाळची ओळख धरून तो हसत त्यांच्या बाकाशी आला आणि काय झालं कोर्टात, सापडला का गुन्हेगार, असं विचारू लागला. पुढच्या बाकावरची माणसंही वळून बघायला लागली. अप्पांनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग वाहकाकडे बघून त्यांनी स्वतःच्या गळ्याला बोट लावलं आणि नकारार्थी हात हलवला.

"घसा बसला वाटतं," वाहक म्हणाला आणि त्यानं दोन तिकिटं फाडून तिच्या हातात दिली.